ॲनिमल हाऊसची सुरक्षा: कुलूप नक्की कुणासाठी?

पहाटवारा

नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत साउथ कॅरोलायनातल्या येमासीच्या एका माकड-पैदास आणि संशोधन केंद्रातून ४३ ऱ्हीसस माकडं पळाली. बातमी सगळीकडे फिरली, मीम्स झाले, मग लोक विसरले. मला मात्र ती बातमी सोडत नाहीये, कारण तिथे कुणी कुंपण तोडलं नव्हतं, कुणी सिस्टिम हॅक केली नव्हती. आत काम करायला गेलेल्या कर्मचाऱ्याने बाहेर येताना दारं नीट लावली नाहीत, एवढंच झालं. पोलिसांना आसपासच्या लोकांना दारं-खिडक्या बंद ठेवा म्हणून सांगावं लागलं, आणि शेवटची चार माकडं सापडायला जानेवारी उजाडला.

मी बरीच वर्षं ॲनिमल हाऊसमध्ये, म्हणजे प्रयोगांसाठीचे प्राणी ठेवतात त्या जागी, काम केलंय. माइस, रॅट, ससे, गिनीपिग. जागेचं नाव घेणार नाही. आमच्याकडे गेटवर दोन गार्ड, बायोमेट्रिक, कॉरिडॉरमध्ये कॅमेरे, आणि हे सगळं कशासाठी तर बाहेरून कुणी घुसू नये म्हणून. पण आत सशांच्या रॅकवर काही पिंजऱ्यांच्या खिट्ट्या झिजलेल्या, त्या तारेने बांधलेल्या, आणि नवीन खिट्ट्यांचा इंडेंट (मागणीपत्र) कितीतरी महिने फिरतोय. खोलीच्या दाराशी तापमानाचा तक्ता लटकवलेला असायचा, त्यात रोज दोन वेळा आकडा लिहायचा असा नियम. एकदा सुट्ट्यांनंतर मी तो तक्ता बघितला तर महिनाभर सगळीकडे २२, २२, २२, एकाच पेनाने, एकाच तिरक्या अक्षरात, अगदी पुढच्या दोन दिवसांचेसुद्धा २२ लिहून तयार. थर्मामीटरवर त्या वेळी २७ होते. हा तक्ता तपासणीला जायचा आणि पास व्हायचा.

त्यामुळे मला असं ठामपणे वाटतं की या जागांची सुरक्षा म्हणजे बाहेरच्याला अडवणं ही समजूतच मुळात अपुरी आहे, आतापर्यंत जी मोठी प्रकरणं झाली ती बहुतेक आतूनच झालीत: दार, पाइप, हातमोजा, रजिस्टर. आणि आपण जितकं जास्त लपवतो तितकं हे आतलं सडणं उशिरा दिसतं. तुम्हाला काय वाटतं? ज्यांनी अशा जागी काम केलंय त्यांनी जरूर लिहा, विरोधात असलेल्यांनीही लिहा.

प्रश्नचिन्ह

माहितीपूर्ण धागा. एक बेसिक शंका, ती माकडं पळाली तर आजूबाजूच्या लोकांना काही रोगबिग होण्याचा धोका होता का? का ते फक्त सिनेमातच होतं?

पहाटवारा

@प्रश्नचिन्ह, ती ४३ माकडं लहान वयाच्या माद्या होत्या, त्यांच्यावर कुठलाही प्रयोग झालेला नव्हता असं केंद्राने आणि पोलिसांनी तेव्हाच सांगितलं होतं. पण म्हणून माकडाला हात लावायला जाऊ नये. ऱ्हीसस आणि त्याच्या जातभाईंमध्ये बी व्हायरस नावाचा एक हर्पिसचा विषाणू असतो, माकडाला फारसा त्रास देत नाही, माणसाच्या मेंदूपर्यंत पोचला तर बहुतेक वेळा जीव घेतो. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रायमेट सेंटरमध्ये २२ वर्षांच्या एका मुलीच्या डोळ्यात माकड हलवताना घाण उडाली, डोळ्यावर गॉगल नव्हता कारण तेव्हा त्या कामाला तो लागतोच असं कुणाला वाटत नव्हतं, काही आठवड्यांत ती गेली. त्यानंतर डोळ्यांच्या संरक्षणाचे नियम कडक झाले.

आणि इतिहास बघायचा तर जर्मनीतलं १९६७ चं मारबुर्ग आहेच. युगांडातून लस बनवण्यासाठी आणलेली माकडं, मारबुर्ग, फ्रँकफर्ट आणि बेलग्रेड अशा तीन ठिकाणी मिळून ३१ जणांना त्या माकडांमधून आलेल्या विषाणूची लागण, ७ मृत्यू. क्वारंटाइन रूम हा प्रकार किती गंभीरपणे घ्यायचा असतो ते त्यातून कळलं. १९८९ मध्ये अमेरिकेत रेस्टनला फिलिपिन्सहून आलेल्या माकडांमध्ये इबोलाचा एक प्रकार सापडला, काही कर्मचाऱ्यांच्या रक्तात त्याच्या खुणा मिळाल्या, पण माणसं आजारी पडली नाहीत. तो प्रकार माणसाला आजारी करणारा निघाला नाही हे नशीब, व्यवस्थेचं कर्तृत्व नाही.

सूक्ष्मदर्शी

धाग्याचा सूर पटला तरी बाहेरच्यांचा धोका तुम्ही फारच हलका करताय असं वाटतं. एप्रिल २०१३ मध्ये मिलान विद्यापीठात काही कार्यकर्ते ॲनिमल फॅसिलिटीत घुसले, दोघांनी स्वतःच्या गळ्याला साखळ्या बांधून त्या दाराला अडकवल्या म्हणजे दार जोरात उघडलं तर मान मोडेल, आणि बाकीच्यांनी पिंजऱ्यांवरची कार्डं अदलाबदल केली. पोलिस बघत बसले. सुमारे शंभर प्राणी घेऊन गेले ते वेगळंच, पण खरं नुकसान त्या कार्डांनी झालं.

ज्यांनी हे काम केलं नाही त्यांच्यासाठी सांगते. केज कार्डवर त्या उंदराची जात, जनुकीय प्रकार, जन्मतारीख, आईबाप, कुठला प्रोजेक्ट, मंजुरीचा नंबर हे सगळं असतं, आणि दिसायला सगळे उंदीर सारखेच काळे. कार्ड हललं की तो प्राणी कोण हे सांगता येत नाही, म्हणजे त्याच्यावर आत्तापर्यंत जे केलं ते सगळं वाया. ऑटिझम आणि स्किझोफ्रेनियावरच्या कामाची वर्षं गेली तिथे. आणि प्राणी वाचले का? त्यातले काही अशा जातीचे की प्रतिकारशक्तीच नाही, फिल्टर केलेल्या हवेबाहेर ते जगणं कठीण.

इंग्लंडमध्ये तर याहून वाईट झालंय. गिनीपिग पुरवणाऱ्या एका फार्मवर वर्षानुवर्षं दबाव आणला आणि २००४ मध्ये त्या कुटुंबातल्या एका वारलेल्या आजींचे अवशेष कबरीतून काढून नेले. त्या आजींनी कुणाचं काय केलं होतं? माझ्या ओळखीचे लोक अजूनही सोशल मीडियावर काय काम करतो ते लिहीत नाहीत. कुलूप आमच्यासाठीही आहे हो.

केसरी_काडी

मी प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या विरोधात आहे हे आधीच सांगते म्हणजे कुणाचा गैरसमज नको. कबर उकरणं हे क्रौर्य आहे, त्याचं समर्थन मी करणार नाही आणि कुठलाही शहाणा प्राणीमित्र करणार नाही.

पण सूक्ष्मदर्शी, बंद दाराआड काय चालतं ते आजवर बाहेर आलं कसं, हे पण बघा ना. १९८१, अमेरिकेतली सिल्व्हर स्प्रिंगची प्रयोगशाळा. एक कार्यकर्ता स्वयंसेवक म्हणून आत शिरला, त्याने फोटो काढले, रात्री बाहेरच्या तज्ज्ञांना आणून दाखवलं, मग पोलिसांची धाड पडली आणि १७ माकडं बाहेर काढली. हाताच्या नसा कापलेली माकडं, स्वतःची बोटं स्वतः चावलेली, पिंजऱ्यात घाणीचे थर. त्या प्रकरणाच्या रेट्यामुळे १९८५ मध्ये अमेरिकेच्या कायद्यात दुरुस्ती झाली, संस्थेतच प्राणी समिती हवी, कुत्र्यांना व्यायाम हवा, माकडांच्या मानसिक स्वास्थ्याचा विचार हवा, हे सगळं तेव्हा कायद्यात आलं. म्हणजे आज संशोधक ज्या समितीचा अभिमानाने उल्लेख करतात ती समिती एका घुसखोराची देणगी आहे.

आणि तपासणी होते म्हणून निर्धास्त राहायचं म्हणाल तर व्हर्जिनियातल्या एन्व्हिगोच्या बीगल पैदास केंद्राचं बघा. सरकारी निरीक्षक येत होते, उल्लंघनं लिहीत होते, पुन्हा येत होते, पुन्हा लिहीत होते, आणि आत पिल्लं मरत होती. २०२२ मध्ये न्याय खात्याने कोर्टात खेचलं तेव्हा कुठे सुमारे ४००० कुत्रे बाहेर आले, आणि २०२४ मध्ये कंपनीने गुन्हा कबूल करून साडेतीन कोटी डॉलर्सच्या वर रक्कम भरायचं मान्य केलं. त्या निरीक्षणांचा नुसता ढीग होता, कारवाई नव्हती. पहाटवारांचा २२-२२-२२ चा तक्ता वाचून मला हेच आठवलं.

कलमवाला

कायद्याच्या बाजूने थोडं लिहितो, लांबलंय त्याबद्दल समजून घ्या.

अमेरिकेचा १९६६ चा मूळ कायदा कशामुळे आला हे फार कमी लोकांना माहीत असतं. घरचे पाळीव कुत्रे चोरून प्रयोगशाळांना विकले जात होते. पेपर नावाची एक डाल्मेशियन कुत्री अशीच गायब झाली आणि शेवटी एका हॉस्पिटलमधल्या प्रयोगात मेली, त्याने लोक खवळले. म्हणून पहिल्या कायद्याचा मुख्य रोख प्राणी कुठून आले, विकणाऱ्याकडे लायसन्स आहे का, नोंदी आहेत का यावर होता. प्रयोगाच्या टेबलावर काय चालतं त्यात तो शिरतच नव्हता. आणि गंमत नाही, खेद वाटावा अशी गोष्ट म्हणजे आजही त्या कायद्यात प्रयोगासाठी वाढवलेले माइस, रॅट आणि पक्षी 'प्राणी' म्हणून मोजले जात नाहीत, २००२ मध्ये तर ते स्पष्ट शब्दांत वगळलेत. प्रयोगशाळांमधले बहुसंख्य प्राणी हेच! सरकारी आरोग्य निधी घेणाऱ्या संस्थांना वेगळ्या धोरणाखाली सगळे पृष्ठवंशी प्राणी धरावे लागतात, पण खाजगी पैशावर फक्त उंदरांवर काम करणारी कंपनी बरीचशी मोकळी राहते.

ब्रिटनचा १९८६ चा कायदा मला जास्त नीट वाटतो. तीन वेगळी लायसन्सं लागतात, माणसाचं, प्रोजेक्टचं आणि जागेचं. काम करणाऱ्याचं प्रशिक्षण नाही तर प्रोजेक्ट मंजूर असूनही त्याने हात लावायचा नाही. जागेच्या लायसन्सवर प्राण्यांच्या रोजच्या देखभालीला जबाबदार असलेल्या माणसाचं आणि पशुवैद्याचं नाव असतं. नाव असलं की जबाबदारी झटकता येत नाही.

युरोपीय संघाच्या २०१० च्या निर्देशात तपासणीचं प्रमाण लिहून दिलंय: प्राणी वापरणाऱ्या संस्थांपैकी किमान एक तृतीयांश दरवर्षी, माकडं असतील तिथे दरवर्षीच, आणि काही भेटी न कळवता. शिवाय प्रत्येक मंजूर प्रोजेक्टचा सोप्या भाषेतला सारांश प्रसिद्ध करायचा, संशोधकाचं नाव-पत्ता न देता. सूक्ष्मदर्शींच्या भीतीला आणि केसरी_काडींच्या मागणीला दोन्हीला यात उत्तर आहे बघा. माणूस झाकायचा, काम उघडं ठेवायचं.

भारतात १९६० चा क्रूरता प्रतिबंधक कायदा, त्याखालची केंद्रीय समिती (सीपीसीएसईए, आता सीसीएसईए) आणि १९९८ चे नियम. संस्थेची नोंदणी लागते, संस्थेची स्वतःची नैतिकता समिती लागते आणि तिच्यात केंद्राचा प्रतिनिधी, संस्थेबाहेरचा एक शास्त्रज्ञ आणि शास्त्राशी संबंध नसलेला पण सामाजिक भान असलेला एक सदस्य असावाच लागतो. कागदावर रचना चांगली आहे. तो बाहेरचा सदस्य मीटिंगमध्ये तोंड उघडतो की नाही यावर पुढचं सगळं ठरतं.

अजून एक. फेब्रुवारी २०१७ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने तपासणीचे अहवाल एका रात्रीत वेबसाइटवरून काढून टाकले, खाजगीपणाचं कारण देऊन. ते परत यायला २०२० उजाडलं आणि त्यासाठी काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, खात्याला भाग पाडावं लागलं. सुरक्षेच्या नावाखाली पहिल्यांदा काय बंद होतं ते यावरून कळतं.

हवापाणी

मी ज्या इमारतींचं काम करतो त्यात प्राण्यांच्या लॅब असतात, एअर हँडलिंग हा माझा प्रांत. वर कायदा आणि चळवळ झाली, आता भिंतींबद्दल लिहितो कारण त्यावर कुणी बोलत नाही.

चांगल्या उंदरांच्या खोलीत हवेचा दाब बाहेरपेक्षा जास्त ठेवतात, म्हणजे दार उघडलं की हवा बाहेर येते आणि बाहेरचे जंतू आत जात नाहीत. संसर्ग दिलेले प्राणी असतील तर नेमकं उलटं, दाब कमी, म्हणजे हवा आतच ओढली जाते आणि मग हेपा फिल्टरमधून (अतिसूक्ष्म कण अडवणारी गाळणी) बाहेर सोडतात. दाराशेजारी भिंतीवर एक गोल गेज असतं, काटा कुठे आहे त्यावरून आत जाण्याआधीच कळतं. मी अशा जागा बघितल्यात जिथे गेजचा काटा शून्यावर चिकटलाय आणि काचेवर धूळ, म्हणजे त्याकडे कुणी बघतच नाही. वापर बदलला, आधी ब्रीडिंग रूम होती आता इन्फेक्शनचं काम सुरू केलं, पण दाबाची दिशा कुणी बदलली नाही, हे सुद्धा होतं. आणि त्या वेळी दाराला कितीही भारी कार्ड रीडर लावा, जंतू कार्ड पंच करत नाहीत.

पहाटवारांनी पाइप म्हटलं म्हणून, ऑगस्ट २००७, इंग्लंडमधलं पिरब्राइट. लाळ-खुरकतावर काम करणारी सरकारी संस्था आणि शेजारी लस बनवणारी कंपनी, दोघांचं सांडपाणी एकाच जुन्या ड्रेनेजमधून जायचं. पाइपांना तडे, झाडांची मुळं शिरलेली, मॅनहोलची झाकणं धड नाहीत, त्यात उन्हाळ्यात धो धो पाऊस, आणि आवारात बांधकामाच्या गाड्यांची ये-जा. त्या गाड्यांच्या चाकांना लागलेल्या मातीतून विषाणू जवळच्या शेतांवर पोचला असावा असा चौकशीचा निष्कर्ष होता. पाइप बदलायचा खर्च कुणी करायचा यावर आधीपासून घोळ चालू होता! त्याच देशाने २००१ मध्ये याच रोगापायी ६० लाखांवर जनावरं मारलेली. गेटवर कितीही गार्ड उभे केले असते तरी चाकाला लागलेला चिखल कुणी अडवला असता?

लुइझियानात टुलेनच्या प्रायमेट सेंटरमध्ये २०१४ च्या सुमाराला असंच. उंदरांवर काम चाललेल्या मेलिऑइडोसिस या गंभीर आजाराच्या जंतूची लागण बाहेरच्या मोकळ्या पिंजऱ्यांमधल्या माकडांना झाली, ज्यांचा त्या प्रयोगाशी काही संबंध नव्हता. चौकशीत बोट कशाकडे गेलं तर आत घालायच्या कपड्यांकडे आणि ते बदलण्याच्या शिस्तीकडे. चीनमध्ये लांझोऊला २०१९ मध्ये ब्रुसेलाच्या (जनावरांकडून माणसाला होणाऱ्या आजाराचा जंतू) लसीच्या कारखान्यात मुदत संपलेलं जंतुनाशक वापरलं, बाहेर जाणारी हवा नीट निर्जंतुक झाली नाही, आणि वाऱ्याच्या दिशेला असलेल्या पशुवैद्यक संशोधन संस्थेतले लोक सगळ्यात आधी सापडले, पुढे तपासणीत दहा हजारांवर लोक पॉझिटिव्ह.

आता सगळ्यात त्रास देणारी गोष्ट. प्राण्यांच्या जागा पूर्वी हमखास तळघरात बांधायचे. बाहेरच्यांची नजर नको, वास नको, आवाज नको, धक्के कमी बसतात, वरचे उजेडाचे मजले माणसांना हवेत. जून २००१ मध्ये ह्यूस्टनला ॲलिसन वादळाचं पाणी अशा तळघरांमध्ये शिरलं. एका कॉलेजमध्ये ३०,००० च्या वर उंदीर गेले, शेजारच्या विद्यापीठात ७८ माकडं आणि ३५ कुत्रे पिंजऱ्यांमध्ये बुडाले. अकरा वर्षांनी, सँडी वादळात, न्यूयॉर्कच्या एका संशोधन केंद्राच्या तळघरात पुन्हा हजारो उंदीर बुडाले. पिंजऱ्यातल्या प्राण्याला पळता येत नाही, त्याला वाचवायची जबाबदारी पूर्णपणे आपली, आणि आपण त्याला चोरापासून वाचवायला जिथे ठेवलं तिथेच पाणी आलं. मला हे वाचून झोप लागली नव्हती.

सूक्ष्मदर्शी

@हवापाणी, सँडीबद्दल माहीत होतं, ॲलिसनचे आकडे माहीत नव्हते. माझ्या स्वतःच्या उंदरांच्या जाती दुसऱ्या ठिकाणी गोठवलेल्या भ्रूणांच्या रूपात ठेवाव्यात असं मी कधीपासून म्हणतेय, हे वाचून उद्याच मेल टाकते. पण भ्रूण गोठवले तरी जे पिंजऱ्यात आहेत त्यांचं काय, हा तुमचा मुद्दा उरतोच.

केसरी_काडी, सिल्व्हर स्प्रिंगबद्दल तुमचं बरोबर आहे, तो आमच्या क्षेत्राच्या कपाळावरचा डाग आहे. मला एवढंच म्हणायचंय की उघडेपणा संस्थेने आपणहून आणला तर घुसखोराची गरज पडत नाही. ब्रिटनमध्ये २०१४ पासून बऱ्याच संस्थांनी मोकळेपणाचा एक करार केलाय, प्राणी का वापरतो, किती वापरतो ते वेबसाइटवर लिहितात, काही जण आतले व्हिडिओही दाखवतात. इतकी वर्षं पत्ते लपवून बसलेले लोक हे करायला तयार झाले, याचा अर्थ लपून फायदा होत नव्हता.

केसरी_काडी

मान्य. व्हिडिओ संस्थेने निवडलेले असतात हे मात्र विसरू नका. मला निवडलेला व्हिडिओ नको, मृत्यूची नोंदवही हवी.

मोरपंखी

सगळे प्रतिसाद वाचले. माझा प्रश्न जरा वेगळा आहे. माझ्या मोठ्या बहिणीला एका संस्थेच्या नैतिकता समितीवर तो 'शास्त्राशी संबंध नसलेला' सदस्य म्हणून बोलावलंय. ती निवृत्त शिक्षिका आहे, म्हणते मला यातलं काही कळत नाही, मी नुसती सही करायला जाऊ का? तिने नक्की काय बघावं?

कलमवाला

त्यांना सांगा की अर्जात 'पर्याय का चालत नाही' या भागात काय लिहिलंय ते आधी वाचा. रसेल आणि बर्च या दोघांनी १९५९ मध्ये मांडलेली चौकट अजून जगभर चालते: प्राण्याऐवजी दुसरं काही चालेल का, संख्या कमी करता येईल का, वेदना कमी करता येतील का. बऱ्याच अर्जांत तिथे एकच साचेबद्ध परिच्छेद चिकटवलेला असतो. शिक्षिका आहेत म्हणता ना, कॉपी केलेलं उत्तर त्यांना आमच्यापेक्षा लवकर ओळखू येईल. आणि असहमती असेल तर ती मिनिट्समध्ये, म्हणजे मीटिंगच्या लेखी नोंदीत, लिहूनच घ्यावी, तोंडी बोललेलं कुठेही राहत नाही.

हवापाणी

आग लागली तर दारं काय करतात ते विचारायला सांगा. काही दारं वीज गेली की उघडी पडतात, माणसं अडकू नयेत म्हणून, काही बंदच राहतात, आतलं बाहेर पडू नये म्हणून. कुठलं दार कसलं हे तिथल्या माणसाला पटकन सांगता आलं नाही तर कुणीच विचार केलेला नाही असं समजावं. जनरेटर शेवटचा लोड टाकून कधी चालवून बघितला, ते पण. आणि पाणी भरलं तर कुठले प्राणी, कुठे, कोण हलवणार याचा कागद मागावा.

पहाटवारा

@मोरपंखी, ताईंनी अजिबात सही करायला म्हणून जाऊ नये, त्यांच्यासारखा माणूस तिथे फार कामाचा असतो. शास्त्रज्ञ आकडे बघतात, बाहेरचा माणूस खोली बघतो.

पहिली भेट मीटिंगच्या दिवशी नको. रविवारी संध्याकाळी जाऊ द्या, शक्य असेल तर न सांगता, कारण तेव्हा एकच माणूस ड्युटीवर असतो आणि खरी व्यवस्था तेव्हाच दिसते. त्या ड्युटीवरच्या माणसाशी बोलायचं, साहेब बाजूला नसताना. तुला सुट्टी मिळते का, एखादा प्राणी तडफडताना दिसला तर रात्री कुणाला फोन करतोस, तो फोन उचलला जातो का. येमासीला ज्या कर्मचाऱ्याने दार लावलं नाही त्याचं चुकलंच, पण एका माणसाच्या विसरण्यावर ४३ प्राणी बाहेर पडू शकतात अशी दारं कुणी ठेवली हे पण विचारलं पाहिजे. दोन दारं, एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडतच नाही, हे तंत्र जुनं आहे आणि फार अवघडही नाही.

नंतर केसरी_काडी म्हणतात ती मृत्यूची नोंदवही. किती मेले यापेक्षा कधी सापडले ते बघा. सोमवारी सकाळी नोंदी एकदम वाढत असतील तर शनिवार-रविवार कुणी नीट फिरत नाहीये. तापमानाचा तक्ता हातात घ्या आणि पेनाची शाई बघा. पिंजऱ्याच्या खिट्ट्या स्वतःच्या हाताने दोन-चार ठिकाणी लावून बघा, तारा दिसल्या तर फोटो मागा किंवा निदान मिनिट्समध्ये लिहायला लावा, रॅक नंबरसकट. ताईंना काही अडलं तर इथे विचारायला सांगा, मी रोज एकदा तरी धागा बघतो.